निम्मं आयुष्य कुठं येतं?

गावाच्या पारावर दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली अशी, की जुनी माणसं काटक होती, नव्वदी-शंभरी सहज गाठायची, आताची पन्नाशीतच ढेपाळतात. दुसरी शाळेच्या पुस्तकातून आलेली असते: इंग्रजांच्या काळात माणूस सरासरी तेवीस वर्षं जगायचा, आता सत्तर वर्षं जगतो. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, शेवगावच्या वाटेवर उमापूर आहे. तिथल्या पारावर बसलं तरी ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून अर्ध्या तासात निघू शकतील, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटणार नाही.

पण थोडा विचार केला की गाठ पडते. माणसं तेविसाव्या वर्षी मरत होती तर आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा झाले कोण? पुढची गाठ याहून बिकट. आज सरासरी आयुर्मान सत्तर, म्हणून पस्तिशीला मध्यमवय सुरू होतं, असं आपण सहज म्हणतो. हाच हिशोब १९०५ साली लावला तर मध्यमवय साडेअकराव्या वर्षी यायला हवं, म्हणजे पोरगं शेरडं राखत असतानाच.

हिशोब कुठंतरी चुकतोय. कुठं, ते पाहू.

सरासरीत पाळणाही मोजलेला असतो

दहा बाळं जन्मली असं धरा. त्यांतली तीन पाळण्यातच गेली, उरलेली सात बरोबर साठ वर्षं जगली. सगळ्यांची मिळून चारशे वीस वर्षं झाली. भागिले दहा, म्हणजे सरासरी आयुर्मान बेचाळीस. आता या दहांत बेचाळिसाव्या वर्षी किती जण गेले? एकही नाही. बेचाळीस हा आकडा कुणाच्याच आयुष्याचं वर्णन करत नाही.

आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी परिस्थिती साधारण अशीच होती. बाळंतपणातला धनुर्वात, जुलाब, गोवर, देवी, पटकी यांतून जो पाचव्या वर्षापर्यंत तगला, त्याच्यापुढे बरंच आयुष्य असायचं. जुन्या बायका बोलताना सहज सांगायच्या, “आठ झाली, चार राहिली.” त्या न राहिलेल्या चारांनीच सरासरी खाली ओढलेली असते. आणि पारावरचे लोक ज्यांच्या काटकपणाच्या गोष्टी सांगतात, ते उरलेल्या चारांतले. पाळण्यात गेलेल्याला नातू नसतो, त्यामुळे त्याची गोष्ट सांगायला कुणी उरत नाही. जुनी माणसं लांब जगायची, हा समज इथून आलेला आहे.

हे एसटीवर बसवून बघितलं तर स्पष्ट होतं. गेवराईहून शेवगावला निघालेल्या गाडीतले वीस जण गावाबाहेरच्या पहिल्याच थांब्यावर उतरले, तर ‘या गाडीतला प्रवासी सरासरी किती लांब जातो’ याचं उत्तर एकदम कमी येतं. पण उमापूरला गाडी पोचल्यावर अजून जागेवर बसलेल्या माणसाला तो आकडा लागू करणं हा वेडेपणा ठरेल. तो लांबचाच प्रवासी आहे, हे एव्हाना सिद्ध झालेलं असतं. त्याच्याबद्दल प्रश्न एकच विचारायचा: इथून पुढे सरासरी किती?

आकडेशास्त्रात या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी ठेवतात. पहिलं ‘जन्मवेळचं अपेक्षित आयुर्मान’. वर्तमानपत्रांत येतो तो हाच आकडा. दुसरं त्या त्या वयाला ‘उरलेलं अपेक्षित आयुष्य’, जे वर्तमानपत्रांत जवळजवळ कधीच येत नाही. १९०१ ते १९११ या प्लेगच्या आणि हिवतापाच्या दशकाचे भारताचे तक्ते पाहा. पुरुषांचं जन्मवेळचं आयुर्मान होतं साडेबावीसच्या आसपास. त्याच तक्त्यात दहा वर्षांच्या मुलापुढे मात्र सरासरी ३३ च्या आसपास वर्षं होती. मुलगा दहा वर्षं वाढला आणि त्याच्यापुढचं आयुष्य कमी होण्याऐवजी दहा वर्षांनी वाढलं. हे वाचताना विचित्र वाटतं, पण गणित चोख आहे: सगळ्यात धोक्याचा टप्पा त्याने मागे टाकलेला होता.

तक्ता कसा मांडतात

हे आकडे येतात ‘जीवनसारणी’ नावाच्या तक्त्यातून. एडमंड हॅले या खगोलशास्त्रज्ञाने (धूमकेतूवाले हेच) १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असा तक्ता मांडला. विम्याचा हप्ता ठरवण्याचा धंदा पुढे त्याच पायावर उभा राहिला.

रीत अशी. एक लाख काल्पनिक बाळं घ्यायची. यंदा पहिल्या वर्षात बाळं ज्या प्रमाणात दगावली, त्या प्रमाणात यांतली वजा करायची. उरलेल्यांना दुसऱ्या वर्षाचा यंदाचाच मृत्युदर लावायचा, मग तिसऱ्याचा, असं शेवटचा माणूस जाईपर्यंत. सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं भागिले एक लाख, की जन्मवेळचं आयुर्मान मिळतं. चाळिशीला उभे असलेले वेगळे काढून त्यांनी पुढे जगलेली वर्षं भागली, की चाळिशीचं उरलेलं आयुष्य मिळतं.

यातली मेख ‘यंदाचा’ या शब्दात आहे. आज जन्मलेलं बाळ साठीला पोचेल ते २०८० नंतर, पण तक्ता त्याला आजच्या साठीतल्यांचा मृत्युदर लावून मोकळा होतो. म्हणून हा आकडा भविष्य सांगत नाही, आजच्या परिस्थितीचं माप तेवढं देतो. साथ आली की तो खाली येतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली, तेव्हा तो जेमतेम विशीवर आला होता. कोविडची वर्षं धरणाऱ्या तक्त्यांतही तो किंचित घसरला.

भारतात हे दर ‘नमुना नोंदणी पद्धती’तून मिळतात. १९७० च्या सुमारास ती देशभर लागू झाली. निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत एक स्थानिक माणूस, बहुधा शिक्षक, वर्षभर जन्ममृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी बाहेरून वेगळा माणूस येऊन स्वतंत्रपणे तेच विचारतो आणि मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. एवढं करूनही आकडे राज्यापुरतेच काढता येतात, जिल्ह्याचे छापत नाहीत. गावाचा तर प्रश्नच नाही: एका गावात वर्षाकाठी होणारे मृत्यू इतके थोडे असतात, की एक रस्ता अपघात झाला तरी त्या वर्षीचं ‘आयुर्मान’ कोसळेल. त्यामुळे उमापूरसाठी महाराष्ट्राचा आकडा हाताशी धरायचा. २०१६-२० च्या तक्त्यात देशाचं आयुर्मान ७० आणि महाराष्ट्राचं ७३ च्या जवळ आहे.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. मृत्यू नोंदला, पण मेलेल्याचं वय काय? मराठवाड्यातल्या जुन्या पिढीचं वय घटनांना बांधलेलं असतं: रझाकारांच्या धामधुमीत पाळण्यात होतो, बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं, किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी धाकटा झाला. जनगणनेत विचारलं की ‘असंल चाळीस’ किंवा ‘साठ धरा’ असं उत्तर येतं, म्हणून तक्त्यात चाळीस वर्षांच्या लोकांची गर्दी आणि एकोणचाळीस-एक्केचाळीसच्यांचा तुटवडा दिसतो. आकडेशास्त्रज्ञांना ते उंचवटे घासून सपाट करावे लागतात.

आणि एक जूनचं काय सांगावं? शाळा जूनमध्ये उघडायच्या, बाप पोराला दंडाला धरून आणायचा, जन्मतारीख ठाऊक नसायची, आणि गुरुजी सहाव्या वर्षाच्या हिशोबाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एक जून आहे. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी होते, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवेतून मुक्त होतो. म्हणून ३१ मे रोजी राज्यभर निरोप समारंभांची झुंबड उडते. दाखल्यावरचं वय खऱ्या वयापासून वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे असतं, हे त्या मंडपातल्या निम्म्या लोकांना माहीत असतं.

मग मध्यभाग कुठला?

आता मूळ प्रश्न. निम्मं वय काढायला जन्मवेळच्या आयुर्मानाला दोनाने भागणं चूक आहे, कारण मध्यमवयाचा प्रश्न पडतो तो जगून मोठं झालेल्याला. त्याच्यासाठी सरळ कसोटी अशी: जगलेली वर्षं आणि पुढची अपेक्षित वर्षं जिथे सारखी होतात, तो मध्य.

देशाच्या आजच्या तक्त्यात तिशीला साधारण ४३-४४ वर्षं पुढे असतात आणि चाळिशीला ३४-३५. दोन्ही बाजू जुळतात सदतिसाव्या वर्षाच्या आसपास. बायकांचा मध्य पुरुषांपेक्षा वर्ष-दीड वर्षाने पुढे जातो. आता १९०१-११ च्या तक्त्याला हीच कसोटी लावा. विशीतल्या पुरुषापुढे तेव्हा सुमारे २७ वर्षं होती, तिशीतल्यापुढे २२. जुळणी होते पंचविशीला.

या दोन आकड्यांपाशी जरा थांबायला हवं. शंभर वर्षांत जन्मवेळचं आयुर्मान तिप्पट झालं, तेवीसवरून सत्तर, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांची उडी. मध्य मात्र सरकला जेमतेम बारा वर्षं. मध्य बारा वर्षांनी सरकला, म्हणजे तिथवर पोचलेल्याचं एकूण आयुष्य पन्नासवरून चौऱ्याहत्तरवर गेलं, चोवीस वर्षांनी वाढलं. बाकीची जवळजवळ निम्मी वाढ मुख्यतः पाळण्याजवळची आहे. १९७१ साली देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली २८, आणि महाराष्ट्रात १६. लसी, बाळंतपणातली स्वच्छता, जुलाबावर मीठ-साखर-पाणी, या साध्या गोष्टींची ही कमाई. माणूस तिप्पट टिकाऊ झाला नाही, पाळणे रिकामे होणं थांबलं.

चौकट: मागून मोजायचं की पुढून?
• जन्मवेळचं आयुर्मान: नवजात बाळासाठी. मोठ्या माणसाने ते स्वतःला लावू नये.
• मध्य: जगलेली वर्षं = उरलेली वर्षं. १९०१-११ मध्ये पंचविशीच्या आसपास, आज सदतिशीच्या.
• म्हातारपण: सरासरी १५ वर्षं उरतात तिथून. तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे, आज ६४-६५ ला.
• साठी गाठलेल्या भारतीयापुढे आज सरासरी १८ वर्षं असतात.

चौकटीतला म्हातारपणाचा निकष वॉरन सँडरसन आणि सर्गेई शेर्बोव्ह या लोकसंख्याशास्त्रज्ञांचा. त्यांचं म्हणणं असं, की वय जन्मापासून मोजण्याऐवजी शेवटाकडून मोजा. दोन काळांतले लोक एकाच वयाचे असले तरी त्यांच्यापुढचा काळ सारखा नसतो. हा निकष लावला की एक गंमत दिसते. आश्रमव्यवस्थेने पन्नाशीला वानप्रस्थ सांगितला, तो आजच्या माणसाला फार लवकर वाटतो. पण जुन्या तक्त्यात पन्नाशीला चौदाच वर्षं उरत होती, म्हणजे तिथे तो अगदी बरोबर बसतो. आणि आपली एसटी पासष्टाव्या वर्षी अर्धं तिकीट देते, ते आजच्या तक्त्याशी जुळतं. कुणी हिशोब करून ठेवलं असेल असं मला वाटत नाही, पण जुळतं खरं.

मध्यमवयाची व्याख्या मात्र कुठल्याच सरकारी कागदावर नाही. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात तरुण एकोणतिसाव्या वर्षी संपतो. २००७ च्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक साठाव्या वर्षी सुरू होतो. मधली तीस वर्षं बेवारस आहेत. त्या वयाला ना सवलत, ना सप्ताह, ना कट्टा.

शरीर तक्ता वाचत नाही

मध्य बारा वर्षांनी पुढे सरकला, म्हणून शरीराची झीजही तेवढी पुढे गेली का? नाही. डोळ्यातलं भिंग लहानपणापासून हळूहळू ताठर होत असतं. दहा वर्षांचं पोर नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षर वाचू शकतं. चाळिशी ओलांडता ओलांडता हे अंतर वीत-दीड वीत होतं आणि सुईत दोरा ओवायला नातीला हाक जाते. हे शंभर वर्षांपूर्वीही याच वयात घडायचं. हाडांची भरणी तिशीच्या सुमाराला शिगेला पोचते, पुढे उतार. लंडनमध्ये विम्याचं गणित करणाऱ्या बेंजामिन गोम्पर्ट्झ यांना १८२५ साली एक नियम सापडला होता: वाढत्या वयाबरोबर मृत्यूची शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. आजच्या आकड्यांत तिशीनंतर ही दुप्पट साधारण दर आठ वर्षांनी होते. औषधांनी मृत्युदर एकूण खाली आणला, पण दुप्पट होण्याचा वेग फारसा बदलला नाही.

आपल्या उपखंडात आणखी एक गोष्ट आहे. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, त्रेपन्नच्या आसपास येताना दिसला. म्हणून रक्तदाब आणि साखर तपासण्याची सरकारी मोहीम चाळिशीची वाट पाहत नाही, ती तिशीपासून सुरू होते. आशाताई घरोघर फिरून तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते: तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखर होती का. मध्यमवयाची सुरुवात कुणी खरोखर कागदावर लिहिली असेल, तर ती या फॉर्मवर.

कोयत्याचं वय

इथवरचा हिशोब देशाच्या सरासरीचा झाला. बीड जिल्ह्यात त्याला एक वेगळं वळण मिळतं, आणि ते तक्त्यात दिसत नाही.

दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल जोडीच्या नावावर मिळते, म्हणून लग्नही लवकर होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या विशी ते चोविशीतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सोळाव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत दोन लेकरं, लेकीचंही तसंच लग्न. ही बाई सदतिशीला, म्हणजे तक्त्याच्या बरोबर मध्यावर, आजी झालेली असते. त्याच वयाची पुण्यातली बाई मुलाला बालवाडीत सोडायला निघालेली असते. दोघींपुढची वर्षं तक्त्याच्या लेखी सारखीच.

पण शरीरापुढची सारखी नसतात. फडात पहाटेपासून मोळ्या उचलायच्या, वर चढवायच्या. पाळीच्या दिवसांत ना आडोसा, ना पाणी, ना सुट्टी. खाडा झाला की पैसे कापले जातात. अंगावरून जाणं, पोटात दुखणं यावर इलाज म्हणून पुष्कळ बायकांना ‘पिशवी काढून टाका’ असंच सांगितलं गेलं, वर कर्करोगाची भीती घालून. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजल्यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभराला तीन एवढं होतं.

याचा वयाशी संबंध काय? भारतीय बाईची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक तोवर हाडं आणि रक्तवाहिन्या सांभाळत असतं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर हे संरक्षण त्याच दिवशी संपतं. नुसती पिशवी काढली तरी बीजकोशांचा रक्तपुरवठा घटून ते काही वर्षं आधीच थकू शकतात. तीस वर्षांच्या बाईच्या हाडांना पंचेचाळीस-पन्नाशीची अवस्था येते, आणि वर्षाच्या मोळ्या मात्र तेवढ्याच उचलायच्या असतात. सांधे, कंबर, अंगाची आग, झोप न लागणं, या तक्रारी घेऊन ती दवाखान्यात जाते तेव्हा दाखल्यावर वय बत्तीस असतं.

म्हणून ‘मध्यमवय कधी सुरू होतं’ याचं एकच उत्तर देण्याचा आग्रह मला पटत नाही. पैसे साठवायचे, विमा घ्यायचा, धाकट्याच्या शिक्षणाचा अंदाज बांधायचा, तर सदतीस धरा, पुढून मोजा. तपासणीसाठी तीस. पण इथल्या कष्टकरी बाईचं मध्यमवय आकड्याने ठरत नाही. ते लग्नाच्या वयाने, खाड्याच्या दंडाने आणि शस्त्रक्रियेच्या सल्ल्याने ठरतं. भिंगाचा ताठरपणा कुणाला थांबवता येत नाही. या तीन गोष्टी थांबवता येतात, त्यामुळे त्यांना नशीब म्हणून सोडून देणं मला गैर वाटतं. गाजावाजा झाल्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली. तेवढ्याने सगळं सुटत नाही, पण कात्री चालण्याआधी दुसरा डॉक्टर कागद बघतो.

राहिला आशाताईचा तिशीचा फॉर्म. तो हिवाळ्यात घेऊन फिरलं तर ज्या घरांना त्याची सगळ्यात जास्त गरज, तिथे म्हातारी आणि शाळकरी पोरंच भेटतील. कोयता फडावर गेलेला असेल. उमापूरच्या बाजूला तो भरायचा तर दसऱ्याच्या आत भरायला हवा, आणि वयाच्या रकान्यात दाखल्यावरची तारीख उतरवताना पिशवी काढली आहे का, कितव्या वर्षी, हेही विचारायला हवं.